प्रॉक्सी सर्व्हर हँग होतो, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो: मूळ कारणापर्यंत कसं पोहोचायचं

ऑफिसची वेबची वाहतूक ज्या मधल्या सर्व्हरमधून जाते, तो प्रॉक्सी सर्व्हर अडकला की 'नेट चालत नाही' एवढीच तक्रार येते. सर्व्हरवर लॉगिन करून पाहावं तर प्रॉक्सीच्या प्रोसेसपुढे ९९ नाहीतर १०० टक्के. अशा वेळी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत होतं, तक्रारी थांबतात, आणि काही तासांनी पुन्हा तेच. रीस्टार्टने दुखणं जात नाही, पुरावा मात्र जातो. उघडी कनेक्शनं, रांगेत अडकलेल्या रिक्वेस्ट, प्रोसेस नेमकी कशात गुंतली होती याच्या खुणा, सगळं एका कमांडसरशी पुसलं जातं. म्हणून माझा आग्रह आहे: प्रॉक्सी अडकलेली असतानाची पहिली पाच मिनिटं तपासासाठी ठेवा, मग हवं तर रीस्टार्ट करा.

इथली उदाहरणं लिनक्सवर चालणाऱ्या स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरची आहेत. दुसरी एखादी प्रॉक्सी वापरत असाल तर कमांड आणि सेटिंगची नावं बदलतील, तपासाचा क्रम तोच राहील.

## प्रोसेसर भरला की प्रॉक्सी का अडकते

स्क्विडची मुख्य प्रोसेस एकाच थ्रेडवर, एका न संपणाऱ्या फेऱ्यात काम करते. कोणत्या सॉकेटवर डेटा आला आहे ते कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारायचं, आलेल्या प्रत्येकाचं थोडं थोडं काम उरकायचं, पुन्हा विचारायचं. एकाच खिडकीवर बसलेला कारकून शेकडो लोकांचे कागद पाळीपाळीने पुढे सरकवतो, तसं हे आहे. प्रत्येक काम छोटं असेपर्यंत रांग भराभर हलते. एखाद्या रिक्वेस्टने त्याचे दोन सेकंद खाल्ले, तर ते दोन सेकंद सगळी रांग उभी राहते. प्रोसेसर भरणं आणि प्रॉक्सी हँग होणं या दोन तक्रारी बरोबर येतात त्या यामुळेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि तिथे भलेभले चकतात. आठ कोअरच्या मशिनवर स्क्विडने एक कोअर पूर्ण व्यापला, तरी मॉनिटरिंगच्या आलेखावर एकूण वापर १२.५ टक्के दिसतो. आलेख हिरवा, वापरणारे हैराण. म्हणून सरासरी पाहायचीच नाही, कोअरनुसार आकडे पाहायचे. 'टॉप' ही चालू प्रोसेस दाखवणारी कमांड चालवून १ ची कळ दाबली की प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसते. स्क्विड ३.२ पासून एकाहून जास्त वर्कर (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) चालवता येतात, पण ते तुम्ही मुद्दाम चालू करावे लागतात. तसं केलं नसेल तर तुमची प्रॉक्सी एका कोअरपलीकडे जाऊच शकत नाही.

## रीस्टार्टआधीची पाच मिनिटं

ऐनवेळी कमांड आठवत बसू नका. एक छोटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवा, जी पुढची माहिती तारीख-वेळेच्या नावाने एका फाइलमध्ये साठवेल.

'टॉप'चं आउटपुट थ्रेडसकट हवं, म्हणजे मुख्य थ्रेड भरला आहे, डिस्कचे थ्रेड भरले आहेत की एखादा हेल्पर (स्क्विडला मदत करणारी वेगळी प्रोसेस), हे कळतं. 'व्हीएमस्टॅट' दर सेकंदाला एक याप्रमाणे दहा-पंधरा ओळी. 'एसएस'चा सारांश, म्हणजे किती कनेक्शनं कोणत्या स्थितीत आहेत ते. 'डीएफ'ने डिस्कवरची मोकळी जागा. 'डीमेसेज'च्या, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या, शेवटच्या पन्नास ओळी. स्क्विडच्या कॅश लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी.

यानंतर स्क्विडच्याच तोंडून माहिती घ्या. त्याचा कॅश मॅनेजर प्रॉक्सीच्याच पोर्टवर (मूळ सेटिंग ३१२८) 'स्क्विड-इंटरनल-एमजीआर' या मार्गाखाली उत्तरं देतो. सर्व्हरवरूनच 'कर्ल'ने 'इन्फो', '५मिन' आणि 'ॲक्टिव्ह_रिक्वेस्ट्स' ही तीन पानं उतरवून घ्या. जुन्या आवृत्त्यांत यासाठी 'स्क्विडक्लायंट' ही कमांड असते, पण 'कर्ल' दोन्हीकडे चालतं. मुख्य थ्रेड पुरता अडकला असेल तर मॅनेजरचंही उत्तर येणार नाही. ती अडचण समजू नका, तोही एक पुरावा आहे. किती सेकंद वाट पाहिली ते फाइलमध्ये नोंदवा.

शेवटी 'एसट्रेस' मोजणीच्या पर्यायासह मुख्य प्रोसेसला दहा सेकंद जोडा. कोणत्या सिस्टिम कॉलवर किती वेळ गेला याचा तक्ता मिळतो. 'एसट्रेस'मुळे प्रोसेस बरीच मंदावते, तेव्हा दहा सेकंदांच्या वर चालू ठेवू नका. 'पर्फ' उपलब्ध असेल तर 'पर्फ टॉप'ही त्याच प्रोसेसवर लावा. त्याचा भार कमी असतो आणि कोडमधलं कोणतं फंक्शन वेळ खातंय हे नावासकट दिसतं.

एवढं झालं की वापरणाऱ्यांना जास्त ताटकळत ठेवू नका, रीस्टार्ट करा. फक्त 'किल -९' मारू नका. थांबण्याचा हुकूम मिळाल्यावर स्क्विड चालू कनेक्शनं संपण्याची वाट बघतो, मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद. लोकांना वाटतं तो बंदच होत नाही आणि ते प्रोसेस जबरदस्तीने मारतात. मग डिस्क कॅशची नोंदवही अर्धवट राहते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर स्क्विड सगळी कॅश तपासून यादी नव्याने बांधत बसतो. कॅश लॉगमध्ये 'डर्टी' हा शब्द आणि टक्केवारी चढताना दिसली तर समजा, आता चढलेला भार मूळ दुखण्याचा नसून त्या 'किल'चा आहे.

## आकड्यांचा अर्थ लावणं

'टॉप'च्या वरच्या ओळीतली छोटी अक्षरं इथे तुमचं होकायंत्र आहेत.

एका कोअरवर 'यूएस' म्हणजे युजर भाग जवळपास शंभरावर असेल, तर स्क्विड स्वतःच्या कोडमध्ये काहीतरी मोजतोय: रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याची पद्धत), एन्क्रिप्शन, किंवा एखादा लूप. 'एसवाय' जास्त असेल तर कर्नलकडे वारंवार धावा चालल्या आहेत, बहुतेक वेळा प्रचंड संख्येने उघडणारी आणि बंद होणारी कनेक्शनं. 'डब्ल्यूए' जास्त आणि स्क्विडच्या स्थितीच्या रकान्यात 'डी' दिसत असेल, तर तो डिस्कची वाट बघतोय. इथे प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. 'एसआय' जास्त असेल तर नेटवर्क कार्डाकडून येणारे इंटरप्ट एकाच कोअरवर कोसळताहेत. आणि व्हर्च्युअल मशिन असेल तर 'एसटी' नक्की पाहा. तो आकडा मोठा असला, तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर होस्टवरची दुसरी मशिन घेऊन जाताहेत आणि स्क्विडच्या सेटिंगमध्ये कितीही फेरफार केले तरी फरक पडायचा नाही.

उरतो तो सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार: प्रोसेसर निवांत, तरी प्रॉक्सी हँग. तिथे फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या कनेक्शनला किंवा फाइलला मिळणारा क्रमांक) संपलेले असतात, हेल्परची रांग तुंबलेली असते, डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) उत्तर देत नसतो किंवा कर्नलचा कनेक्शन ट्रॅकिंगचा तक्ता भरलेला असतो. या शेवटच्या प्रकारात 'डीमेसेज'मध्ये तक्ता भरल्याची आणि पॅकेट टाकून दिल्याची ओळ स्पष्ट मिळते.

## आधी माणूस शोधा: ॲक्सेस लॉग

सेटिंगला हात लावण्याआधी भार कोण टाकतंय ते बघा. ॲक्सेस लॉगचा तिसरा रकाना क्लायंटचा आयपी पत्ता असतो, चौथा निकालाचा कोड. शेवटच्या एक लाख ओळी घ्या, 'ऑक'ने तिसरा रकाना काढा, 'सॉर्ट' आणि 'युनिक'ने मोजा, उतरत्या क्रमाने लावा. पहिला पत्ता बाकीच्यांच्या कितीतरी पटीने पुढे असेल, तर अर्धं काम झालं. हीच मोजणी निकालाच्या कोडवर आणि डोमेनवर करा.

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं आणि सगळ्यांत कमी वेळा तपासलं जाणारं कारण इथेच असतं: ४०७ चा, म्हणजे 'आधी लॉगिन करा' या उत्तराचा भडिमार. प्रॉक्सीवर लॉगिन सक्तीचं केलं की ब्राउझर ते नीट हाताळतो. पार्श्वभूमीत चालणारे अपडेटर, टेलिमेट्री, सिंक करणारी सॉफ्टवेअर यांना ते जमतंच असं नाही. ती विचारतात, प्रॉक्सी ४०७ देते, ती लगेच पुन्हा विचारतात, सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी स्क्विड एरर पान तयार करतो, लॉग लिहितो, कनेक्शन उघडतो-मिटवतो. अशी पन्नास मशिन असली की एक कोअर आरामात भरतो.

इथे एक सावधगिरी हवी. एनटीएलएम या विंडोजच्या लॉगिन पद्धतीत नव्या कनेक्शनवर दोनदा ४०७ येऊन मग २०० (यशस्वी) येणं हेच नेहमीचं वागणं आहे, तेव्हा लॉगमध्ये ४०७ दिसले म्हणून घाबरू नका. एकाच क्लायंटकडून एकाच पत्त्यासाठी ४०७ वर ४०७ येत राहिले आणि २०० कधीच आला नाही, तर तो भडिमार.

उपाय दोन. ते डोमेन कामाचं असेल, तर लॉगिन मागणाऱ्या नियमाच्या वर त्या डोमेनला विनालॉगिन परवानगी देणारा नियम टाका. नको असेल, तर त्याच जागी नकाराचा नियम टाका आणि 'डिनाय_इन्फो'मध्ये त्या एसीएलसाठी (नियमात वापरलेल्या अटीसाठी) 'टीसीपी_रिसेट' लिहा. मग स्क्विड एरर पान न बनवता कनेक्शन सरळ तोडतो. तरीही एखादं मशिन ऐकत नसेल, तर 'मॅक्सकॉन' एसीएलने एका पत्त्याची कनेक्शनं मर्यादित करता येतात. त्याहून बरं म्हणजे फायरवॉलवरच मर्यादा घालणं, कारण तिथे अडवलेलं पॅकेट स्क्विडपर्यंत येतच नाही.

यादीत तुमच्या नेटवर्कबाहेरचे अनोळखी पत्ते दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवा. तुमची प्रॉक्सी जगाला खुली झाली आहे. पोर्ट ताबडतोब फायरवॉलवर बंद करा, 'एचटीटीपी_ॲक्सेस'च्या नियमांत फक्त आपल्या नेटवर्कला परवानगी आणि शेवटी 'डिनाय ऑल' आहे ना ते तपासा.

ॲक्सेस लॉगची एक मर्यादा लक्षात असू द्या. त्यात ओळ लिहिली जाते ती व्यवहार पूर्ण झाल्यावर. अडकलेली रिक्वेस्ट, जिच्यामुळे सगळा खोळंबा झाला आहे, ती लॉगमध्ये अजून आलेलीच नसते. तिच्यासाठीच आपण 'ॲक्टिव्ह_रिक्वेस्ट्स'चं पान उतरवून ठेवलं.

## स्वतःलाच विचारणारी प्रॉक्सी

पारदर्शक प्रॉक्सी चालवत असाल, म्हणजे फायरवॉलने वेबची वाहतूक परस्पर स्क्विडकडे वळवली असेल, तर फॉरवर्डिंग लूपची शंका पहिल्यांदा घ्या. स्क्विड बाहेरच्या साइटकडे जी रिक्वेस्ट पाठवतो तीच वळवण्याच्या नियमात सापडते आणि परत स्क्विडकडे येते. तो पुन्हा बाहेर पाठवतो, ती पुन्हा परत. काही क्षणांत एका रिक्वेस्टच्या शेकडो होतात, प्रोसेसर भरतो, फाइल डिस्क्रिप्टर संपतात.

रिक्वेस्ट कोणत्या प्रॉक्सीतून गेली हे सांगणाऱ्या 'व्हाया' हेडरमध्ये स्वतःचं नाव दिसलं की स्क्विड हा लूप ओळखतो आणि कॅश लॉगमध्ये इशारा लिहितो. पण गोपनीयतेच्या नावाखाली पुष्कळ जण 'व्हाया ऑफ' करून ठेवतात. तसं केलं की ओळखण्याची खूणच नाहीशी होते आणि लूप डिस्क्रिप्टर संपेपर्यंत फिरत राहतो. 'व्हाया' चालू ठेवा. स्क्विड ज्या युजरखाली चालतो त्याची किंवा त्या सर्व्हरच्या पत्त्याची वाहतूक वळवण्याच्या नियमातून वगळा. आणि इंटरसेप्टसाठी वापरलेल्या पोर्टवर बाहेरून थेट येणारी कनेक्शनं फायरवॉलच्या मँगल टेबलमध्ये अडवा. त्या पोर्टवर कुणी थेट आलं तर मूळ पत्ता म्हणून स्क्विडला स्वतःचाच पत्ता मिळतो आणि लूप तिथूनही सुरू होतो.

## रेजेक्सची किंमत

'पर्फ'मध्ये 'रेजएक्झेक' किंवा त्याच्यासारखी नावं वर दिसत असतील, तर दुखणं तुमच्या ब्लॉकलिस्टमध्ये आहे.

'डीएसटीडोमेन' प्रकारच्या एसीएलमधली नावं स्क्विड झाडाच्या रचनेत ठेवतो. यादी लाखभर नावांची असली तरी एका रिक्वेस्टला मोजक्याच तुलना लागतात. 'यूआरएल_रेजेक्स'चं तसं नाही. तिथे पॅटर्न एकामागून एक तपासावे लागतात, आणि जो पत्ता कशाशीच जुळत नाही त्याला सगळी यादी पार करावी लागते. गंमत अशी की चांगल्या साइट कशाशीच जुळत नाहीत, म्हणजे सर्वांत मोठी किंमत तुमची रोजची, निर्दोष वाहतूकच मोजते. पाच हजार पॅटर्नची यादी आणि सेकंदाला दोनशे रिक्वेस्ट म्हणजे सेकंदाला दहा लाख रेजेक्स तुलना, तेही एकाच थ्रेडवर.

उपाय पायरीपायरीने करा. रेजेक्सची यादी उघडा आणि त्यातली नुसत्या डोमेनची नावं असलेल्या ओळी वेगळ्या काढा. इंटरनेटवरून उतरवलेल्या याद्यांत बहुतांश ओळी तशाच निघतात. त्या 'डीएसटीडोमेन'च्या फाइलमध्ये हलवा, नावाआधी टिंब देऊन, म्हणजे सगळी सबडोमेन त्यात येतात. टिंबासकट मुख्य डोमेन दिल्यावर त्याचंच सबडोमेन पुन्हा लिहू नका, स्क्विड त्याबद्दल तक्रार करतो. उरलेल्या खऱ्या पॅटर्नमध्ये सुरुवातीला आणि शेवटी 'डॉट-स्टार' जोडलेले असतील तर ते काढून टाका. रेजेक्स मुळातच मजकुरात कुठेही जुळतो, त्या जोडणीने फक्त काम वाढतं.

पुढची पायरी नियमांच्या क्रमाची. 'एचटीटीपी_ॲक्सेस'च्या एका ओळीतल्या एसीएल डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात आणि पहिली न जुळणारी मिळाली की स्क्विड ती ओळ सोडतो. म्हणून स्वस्त एसीएल (सोर्स पत्ता, पोर्ट, मेथड) डावीकडे आणि महाग उजवीकडे. ओळींचा क्रमही तसाच: ज्यांना बिनशर्त परवानगी आहे, ती नेहमीच्या वापराची डोमेन रेजेक्सच्या ओळीच्या वर घ्या. दिवसातल्या बहुसंख्य रिक्वेस्ट रेजेक्सपर्यंत पोहोचल्याच नाहीत तर तो भार तिथेच संपतो.

नुसता 'डीएसटी' एसीएल, म्हणजे जायच्या ठिकाणाचा आयपी पत्ता तपासणारा, जपून वापरा. त्यासाठी आधी डीएनएस विचारावा लागतो. डीएनएस मंद असला की प्रत्येक रिक्वेस्ट त्या नियमापाशी थांबते, प्रोसेसर मात्र मोकळा दिसतो. '५मिन'च्या पानावर डीएनएसचा मध्यक वेळ असतो. तो शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर जवळच एक कॅशिंग रिझॉल्व्हर बसवा आणि 'डीएनएस_नेमसर्व्हर्स'मध्ये त्याचा पत्ता द्या.

## डिस्क आणि मेमरी

'कॅश_मेम' म्हणजे स्क्विडची एकूण मेमरी असा समज फार पसरलेला आहे. तो आकडा फक्त मेमरीत ठेवलेल्या ऑब्जेक्टचा. डिस्क कॅशची यादीही मेमरीतच राहते आणि ६४ बिट सर्व्हरवर दर जीबी डिस्क कॅशमागे साधारण १४ एमबी धरावे लागतात. १०० जीबीची कॅश म्हणजे जवळपास १.४ जीबी केवळ यादीसाठी, वर 'कॅश_मेम', वर कनेक्शनचे बफर, वर हेल्पर. हे सगळं रॅममध्ये मावलं नाही की सर्व्हर स्वॅप करू लागतो, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवू लागतो. 'व्हीएमस्टॅट'मधले 'एसआय' आणि 'एसओ' (इथे 'टॉप'मधल्यासारखे इंटरप्ट नव्हेत, तर स्वॅपमधून आत आणि बाहेर) हे रकाने सतत शून्याच्या वर असतील तर बाकी काही शोधण्याआधी 'कॅश_मेम' आणि डिस्क कॅश कमी करा. यादीचा एखादा तुकडा स्वॅपमधून आणेपर्यंत मुख्य थ्रेड थिजून राहतो.

डिस्क कॅशचा प्रकारही पाहा. 'यूएफएस' प्रकारात वाचणं-लिहिणं मुख्य थ्रेडच करतो, म्हणजे डिस्क रेंगाळली की प्रॉक्सी थांबली. 'एयूएफएस'मध्ये ते काम वेगळे थ्रेड करतात. कॅशचा आकार पार्टिशनच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा.

माझा सल्ला याच्याही पुढचा आहे. आजची बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसची आहे आणि 'कनेक्ट' टनेलमधून, म्हणजे स्क्विडने न उलगडता पुढे सोडलेल्या एन्क्रिप्टेड कनेक्शनमधून, जाणारं काहीही स्क्विडला कॅश करता येत नाही. 'इन्फो'च्या पानावर हिट रेशो (किती रिक्वेस्टना कॅशमधूनच उत्तर मिळालं) पाहा. तो चार-पाच टक्के असेल तर डिस्क कॅश काढूनच टाका. 'कॅश_डीर'ची ओळ नसेल तर आजच्या आवृत्त्या फक्त मेमरीतल्या कॅशवर चालतात. यादीची मेमरी, डिस्कची वाट, सुरू होतानाची पुनर्बांधणी हे तिन्ही प्रश्न एका ओळीत संपतात.

## फाइल डिस्क्रिप्टर

टनेलमधल्या प्रत्येक कनेक्शनला दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक क्लायंटकडचा आणि एक साइटकडचा. आजचं एक वेब पान सहज तीस-चाळीस कनेक्शनं उघडतं. मर्यादा १०२४ असेल तर ती किती लवकर संपेल याचा हिशोब तुम्हीच करा. संपली की स्क्विड नवी कनेक्शनं घेणं थांबवतो आणि कॅश लॉगमध्ये डिस्क्रिप्टर संपत आल्याचा इशारा येतो. 'इन्फो'च्या पानावर कमाल, आतापर्यंतचा उच्चांक आणि सध्याचा वापर हे तिन्ही आकडे असतात. उच्चांक कमालीला टेकलेला असेल तर निदान झालं.

मर्यादा दोन ठिकाणी वाढवावी लागते: स्क्विडच्या 'मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स'मध्ये आणि सिस्टिमडीच्या सर्व्हिसमधल्या 'लिमिटएनओफाइल'मध्ये. एकच बदलली तर लहान असलेलीच लागू राहते. १६ हजार किंवा ६५ हजार मध्यम ऑफिसला पुरेसे होतात. कंटेनरमध्ये स्क्विड चालवत असाल तर उलटीच अडचण येऊ शकते. तिथे मर्यादा कधीकधी शंभर कोटींच्या वर असते, स्क्विड तेवढ्या मोठ्या तक्त्यासाठी मेमरी मागतो आणि सुरू होतानाच कोसळतो. तिथे आकडा ठरवून द्या.

## हेल्पर, बम्प आणि वेळापत्रकाने येणारं हँग

लॉगिन तपासणारे, यूआरएल बदलणारे, बाहेरून परवानगी विचारणारे हेल्पर वेगळ्या प्रोसेस असतात. कॅश लॉगमध्ये सगळे हेल्पर व्यस्त असल्याचा इशारा येत असेल तर मॅनेजरमध्ये त्या हेल्परचं पान उघडा आणि रांगेची लांबी आणि सरासरी उत्तराचा वेळ पाहा. वेळ जास्त असेल तर हेल्परची संख्या वाढवून काही साधत नाही, त्याच्या मागचा डिरेक्टरी सर्व्हर किंवा डेटाबेस मंद आहे. वेळ कमी आणि रांग लांब असेल तर संख्या वाढवा. 'स्टार्टअप'चा आकडाही गर्दीच्या वेळेइतका ठेवा. नाहीतर ऐन गर्दीत स्क्विड नवे हेल्पर जन्माला घालतो, आणि काही जीबी मेमरी व्यापलेल्या प्रोसेसला फोर्क करताना क्षणभर सगळं थांबतं. बाहेरच्या एसीएलला 'टीटीएल' (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं) आणि बेसिक लॉगिनला 'क्रेडेन्शियल्सटीटीएल' योग्य दिलं की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात नाही.

एसएसएल बम्प, म्हणजे एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उलगडून तपासणं, चालू असेल आणि 'पर्फ'मध्ये 'लिबक्रिप्टो' वर असेल, तर भार खराच आहे, कुठलीही चूक नाही. प्रत्येक कनेक्शन दोनदा एन्क्रिप्ट होतंय. इथे प्रश्न विचारायचा तो असा: सगळं बम्प करायची खरंच गरज आहे का? बँका, व्हिडिओ, सॉफ्टवेअर अपडेट यांना 'स्प्लाइस' करा, म्हणजे न उलगडता पुढे जाऊ द्या. मोठा ओघ बम्पमधून बाहेर पडतो आणि लोकांचे खाजगी व्यवहारही तुमच्या सर्व्हरवर उलगडले जात नाहीत.

हँग ठरावीक वेळाने येत असेल, दर तासाला किंवा दर दहा मिनिटांनी, तर क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारं वेळापत्रक) उघडा. ब्लॉकलिस्ट उतरवून 'रीकॉन्फिगर' करणारी एखादी नोंद जवळजवळ हमखास सापडते. रीकॉन्फिगर करताना स्क्विड पोर्ट बंद करून सगळ्या याद्या नव्याने वाचतो. यादी मोठी असेल तर तेवढा वेळ कुणालाच उत्तर मिळत नाही. यादी खरोखर बदलली असेल तरच, आणि तेही रात्री, रीकॉन्फिगर करा. त्याआधी 'स्क्विड -के पार्स'ने फाइल तपासून घ्या. जाता जाता 'डीबग_ऑप्शन्स'ही पाहून ठेवा. 'ऑल,१' हे मूळ मूल्य आहे. कधीतरी तपासासाठी ९ केलेलं तसंच राहिलं असेल तर नुसतं लॉग लिहिण्यात प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही संपतात.

## तरीही लूप सापडत नसेल तर

'एसट्रेस' जोडल्यावर एकही सिस्टिम कॉल दिसत नाही आणि प्रोसेसर मात्र पूर्ण भरलेला, असं असेल तर स्क्विड कोडमधल्याच एखाद्या लूपमध्ये फिरतोय. डीबग सिम्बॉल बसवा, 'जीडीबी'ने प्रोसेसला जोडून बॅकट्रेस घ्या, सोडा, काही सेकंदांनी पुन्हा घ्या. चार-पाच बॅकट्रेसमध्ये जे फंक्शन कायम दिसतं तिथे लूप आहे. त्या नावाने प्रकल्पाच्या बग ट्रॅकरमध्ये शोधलं की बरेचदा दुरुस्त झालेला बग सापडतो.

जुनी आवृत्ती चालवत असाल तर अपग्रेड इथेच करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका स्वतंत्र सुरक्षा तपासणीत स्क्विडमधल्या ५५ त्रुटींची यादी होती आणि त्यातल्या कित्येक बाहेरून प्रॉक्सी पाडता येण्याच्या प्रकारातल्या होत्या. तुम्हाला दिसणारं हँग अशाच एखाद्या त्रुटीचं असू शकतं.

वर्कर वाढवणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. रेजेक्सचा भार किंवा ४०७ चा भडिमार तसाच ठेवून चार वर्कर केले, तर एकाऐवजी चार कोअर भरतात. वरचं सगळं झाल्यावरही खऱ्या वाहतुकीनेच कोअर भरत असेल, तर 'वर्कर्स'ची ओळ टाका. त्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. 'यूएफएस' आणि 'एयूएफएस' कॅश वर्करमध्ये वाटून घेता येत नाही, त्यासाठी 'रॉक' प्रकार लागतो. प्रत्येक वर्कर आपले हेल्पर वेगळे चालवतो, त्यामुळे मेमरीचा हिशोब वर्करच्या संख्येने गुणा. आणि 'मॅक्सकॉन'सारखी मोजणी प्रत्येक वर्कर स्वतःपुरती करतो, म्हणून घातलेली मर्यादा प्रत्यक्षात सैल होते.

बदल एका वेळी एकच करा. बदलाआधी '५मिन'चं पान गर्दीच्या वेळी उतरवून ठेवा, बदलानंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा उतरवा, आणि प्रोसेसरचा वापर, सेकंदाच्या रिक्वेस्ट, प्रतिसादाचा मध्यक वेळ हे तीन आकडे शेजारी मांडा. रिक्वेस्ट तितक्याच राहून प्रोसेसर खाली आला असेल तर बदल ठेवा. रिक्वेस्टच कमी झाल्या असतील तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, पुढच्या गर्दीच्या दिवसापर्यंत थांबा.